बाधांक बावीस

शनिवारी सकाळी मिरजेहून अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. स्वरूपा पुण्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये पोह्यांना फोडणी देत होती. अण्णांशी बोलायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून तिने गॅस बंद केला, फोन बरणीला टेकवून ठेवला आणि समोर उभी राहिली. अण्णांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. त्यांचे हात थेट मुद्द्यावर आले.

"तुझी आई माझ्याशी बोलत नाही."

भरतेश आणि त्रिशला मगदूम, म्हणजे स्वरूपाचे अण्णा आणि आई, दोघंही लहानपणापासून कर्णबधिर. अण्णांची सगळी नोकरी मिरजेतल्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात गेली. आई कर्णबधिरांच्या शाळेत बालवर्गाची मदतनीस होती. गावोगावच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली खूण तिच्या मांडीवर बसून केली होती. स्वरूपाला मात्र ऐकू येत होतं. बोलायला ती अंगणवाडीत गेल्यावर शिकली. त्याआधी तिची भाषा हातांचीच. त्यांच्या घरात भांडणं झाली की शेजाऱ्यांना फक्त भांडी आपटल्याचा आवाज यायचा, आणि घरात मात्र वीज कडाडत असायची.

म्हणून अण्णांची तक्रार साधी नव्हती. ते सांगत होते, की मी बोलत असताना ही मध्येच नजर वळवते. छताकडे बघते, खिडकीकडे बघते. ऐकणाऱ्या माणसांत नजर इकडेतिकडे गेली तर काही बिघडत नाही, कान उघडेच असतात. पण खुणांच्या भाषेत नजर वळवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावून घेणं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्यात वाद पुष्कळ झाले, पण हे दार कधी कुणी लावलं नव्हतं.

"मी काय केलं ते तरी विचार तिला," असं म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

स्वरूपा दुसऱ्या दिवशी मिरजेला गेली. घरात पाऊल टाकल्यावर थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं, की काहीतरी खरंच बिनसलंय. अण्णांनी आईला विचारलं, "जेवलीस?" या भाषेत प्रश्नचिन्ह चेहऱ्यावर असतं. हाताची खूण तीच. भुवया वर गेल्या तर तो प्रश्न, नाही गेल्या तर ते विधान. आईने नुसती मान हलवली आणि ती भाजी निवडत राहिली. अण्णा तिच्या उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभे राहिले, मग बाहेर निघून गेले.

ते जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर स्वरूपाने आईला समोर बसवलं. आईने आधी उडवून लावलं. मग एकदम तिने हातातली भाजीची परडी खाली ठेवली.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यापुढे एक काळा दोरा तरंगायला लागला होता. मग ठिपके आले. मग उजव्या डोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलं. समोरच्याचा चेहरा त्या जाळ्याआड गेला की ओठ दिसायचे तर भुवया नाहीत, भुवया दिसायच्या तर बोटं नाहीत. कोण काय म्हणतंय ते अर्धंच कळायचं. तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंस?" स्वरूपाने विचारलं.

आईने शाळेतल्या एका मुलाची आठवण सांगितली. तो जन्मतः बहिरा होता आणि चौथीत गेल्यावर त्याचे डोळेही जायला लागले. शेवटी त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या हातावर आपला हात ठेवून खुणा कराव्या लागायच्या. तो वर्गात एका कोपऱ्यात बसून असायचा आणि कुणीतरी हात धरेल याची वाट बघत राहायचा. "मला वाटलं, माझंही तसंच होणार," आई म्हणाली. "म्हटलं, जितके दिवस लपतंय तितके दिवस लपू दे."

दुसऱ्याच दिवशी स्वरूपा तिला डॉक्टर तरन्नुम बागवान यांच्याकडे घेऊन गेली. बागवान बाईंनी डोळे नीट तपासले आणि आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकलं: डोळे जाणार नाहीत. पडदा शाबूत आहे, मागे केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही छान झालेलं आहे. मग त्यांनी टेबलावरचा डोळ्याचा प्लॅस्टिकचा नमुना उघडून दाखवला. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वयाबरोबर ही जेली पातळ होते आणि तिच्यातले बारीक तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. प्रकाश आत येताना या पुंजक्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. दिसतं ते जाळं नव्हे, जाळ्याची सावली.

पूर्वी यावर फारसा इलाज नव्हता. लेसरने मोठा पुंजका फोडता यायचा, पण तो पडद्याजवळ असेल तर डॉक्टर हात लावायला कचरायचे. बहुतेकांना सवय करून घ्या म्हणून घरी पाठवलं जायचं. आता, म्हणजे दोन हजार त्रेचाळीस साली, गोष्ट पुष्कळ पुढे गेली होती. डोळ्यात एका रंगद्रव्याचं सूक्ष्म इंजेक्शन देतात. ते फक्त त्या तंतूंनाच चिकटतं. मग अगदी मंद लेसर सोडला की रंग लागलेल्या जागीच वाफेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पुंजक्याचा भुगा होतो. आजूबाजूला धक्का लागत नाही. दोन बैठकांत काम होतं.

"खर्च?" स्वरूपाने विचारलं, जरी तिला तो पाठ होता.

"दोन्ही डोळ्यांचे मिळून पावणेचार लाखांच्या आसपास," बागवान बाई म्हणाल्या. "विम्यात बसलं तर प्रश्नच नाही. बाधांक काढून बघू."

बाधांक हा शब्द स्वरूपाच्या रोजच्या कामातला होता. निरामय विमा कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत ती नेत्रविकारांचे दावे तपासायची. पूर्वी या जाळ्यांचे दावे सगळ्याच कंपन्या सरसकट नाकारायच्या. कारण सरळ होतं: रोग्याच्या डोळ्यातली सावली दुसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि तक्त्यावरची अक्षरं तर रोगी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतो. मग त्रास होतोय हे मानायचं कशावरून? चष्म्याची फ्रेम बदलण्यासारखीच ही हौस, असं धरलं जायचं. बाधांकाच्या यंत्राने हे बदललं. ते डोळ्यातल्या जेलीचा त्रिमित नकाशा काढतं, प्रत्येक पुंजक्याची सावली पडद्यावर कुठे पडेल ते मोजतं, आणि माणूस वाचत असताना, हलते ठिपके बघत असताना त्याच्या नजरेचा पाठलाग करून सांगतं, की एकूण वेळापैकी किती वेळ सावली नेमकी नजरेच्या मध्यावर होती. शंभरात चाळीस किंवा जास्त आले तर दावा मंजूर. वशिला नाही, वादावादी नाही. या यंत्रामुळे किती तरी लोकांना उपचार मिळाले होते आणि स्वरूपाला त्याचा अभिमान होता.

आईवडिलांचं नाव तिच्या कंपनीच्या फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत होतं. डोळ्यातल्या या जाळ्यांनाही फ्लोटरच म्हणतात. फ्लोटरला फ्लोटर लागू पडतो का बघू, असं तिने आईला हाताने सांगितलं तेव्हा आई बऱ्याच दिवसांनी हसली.

आईने यंत्राच्या चौकटीत हनुवटी टेकवली. पडद्यावर मराठी उतारे आले, ते तिने वाचले. ठिपके आले, त्यांच्या मागे नजर फिरवली. सगळं आटोपल्यावर यंत्राने आकडा दाखवला. बावीस.

नकाराचा संदेश त्यांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्याआधीच फोनवर आला.

त्या आकड्याने घरात जे केलं ते जाळ्यानेही केलं नव्हतं. आईने विचारलं, "बावीस म्हणजे मला दिसतंय ना सगळं?" स्वरूपाने सांगितलं, की हो, यंत्राच्या मते फारसा अडथळा नाही. नकळत तिच्या हातांना कचेरीतलं वळण लागलं होतं. आईने दोन बोटं कपाळाला लावली आणि विचारलं, की मग बिघाड इथे झालाय का? तिच्या सासूला शेवटी कुणाची ओळख राहिली नव्हती. आपलंही तसंच काही सुरू झालं असेल, आपल्याला दिसतं पण कळत नाही, असं तिने मनाशी धरलं.

अण्णांनी वेगळाच अर्थ काढला. रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी स्वरूपाला बाहेरच्या कट्ट्यावर बोलावलं आणि बावीसचा आकडा बोटांनी करून दाखवला. "तिला दिसतं. यंत्र खोटं सांगत नाही, तूच म्हणतेस. म्हणजे तिला माझ्याकडे बघायचंच नाहीये."

खरं तर स्वरूपाचाही यंत्रावर आईपेक्षा जास्त विश्वास होता, आणि हे तिला स्वतःलाही टोचत होतं. पुण्याला परतताना तिने आईला सांगितलं, की मी पैसे भरते, उपचार करून टाकू. आईने मान हलवली. नसलेल्या आजारावर कशाला खर्च करायचा?

त्यानंतर काही आठवडे फोनवर आई त्रोटक बोलत राहिली आणि अण्णा दिसेनासेच झाले. मग आईनेच एकदा लिहून कळवलं, की अण्णा शिरोळला धाकट्या भावाकडे राहायला गेलेत. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही.

स्वरूपाने रजा टाकली. ती पोचली तेव्हा आई मागच्या अंगणात पावटे सोलत बसली होती. स्वरूपा समोर पाट घेऊन बसली आणि सुपातल्या शेंगा सोलू लागली. मग हात थांबवून तिने कचेरीतली एक लांबलचक हकिकत सांगायला घेतली. विषय कुठलाही चालला असता, तिला फक्त आईला बोलतं करायचं होतं. ती सांगत होती आणि आई मन लावून बघत होती. आणि मध्येच आईची नजर झटकन वर गेली, शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे, आणि तशीच परत आली. थोड्या वेळाने पुन्हा. कंटाळलेल्या माणसाची नजर अशी परत येत नाही, स्वरूपाच्या मनात आलं. ही नजर कामाला जाऊन आल्यासारखी परत येत होती.

"टाकीवर काय आहे?" तिने विचारलं.

आई ओशाळली. म्हणाली, "काही नाही. जाळं झटकते."

"म्हणजे कसं?"

आईने समजावून सांगितलं. नजर जोरात वर नेली आणि खाली आणली, की जाळं बाजूला फेकलं जातं. मग थोडा वेळ चेहरा स्वच्छ दिसतो. पण मी तुझ्याकडे टक लावून बघत राहिले, की ते परत येतं. पाण्यात टाकलेलं फडकं जसं हळूहळू तळाला जाऊन बसतं, तसं येऊन बसतं. नेमकं तुझ्या तोंडावर.

"आणि वाचताना?"

"वाचताना नाही येत एवढं," आई म्हणाली. "वाचताना डोळे पळत असतात ना."

स्वरूपाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

वाचताना नजर सरळ रेषेत सरकत नाही, ती शब्दावरून शब्दावर उड्या मारत जाते. हे ती प्रशिक्षणातच शिकली होती. प्रत्येक उडीबरोबर डोळ्यातली जेली हिंदकळते आणि पुंजके बाजूला होतात. हलत्या ठिपक्यांच्या चाचणीतही तेच. पण खुणांची भाषा बघणारा माणूस बोलणाऱ्याच्या हातांमागे नजर पळवत नाही. तो बघतो चेहऱ्याकडे, अगदी स्थिर, आणि हात त्याला नजरेच्या कडेने दिसतात. स्वरूपा स्वतः जन्मापासून तसंच बघत आली होती. नजर स्थिर राहिली की जेली शांत होते आणि पुंजके सावकाश मध्यावर येऊन टेकतात. यंत्राने आईचे डोळे पळायला लावून मोजले होते. ज्या कामासाठी तिला डोळे सगळ्यात जास्त लागत होते, त्या कामात ते कसे असतात हे कुणी मोजलंच नव्हतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला चुकीचा प्रश्न विचारला गेला होता, आणि तो प्रश्न बरोबर आहे असं स्वरूपा रोज लोकांना पटवत होती.

ती तशीच उठली आणि शिरोळला गेली. काकांच्या ओसरीवर अण्णा एकटेच बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं: जेली, उड्या, टाकी, पाण्यातलं फडकं. अण्णा भुवया आक्रसून बघत होते. शेवटी त्यांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, सगळं राहू दे, मला एवढंच सांग, ती तोंड का फिरवत होती?

"तुम्ही तिला दिसावेत म्हणून," स्वरूपा म्हणाली.

अण्णांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते आत गेले आणि आपली पिशवी भरू लागले.

घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाठमोरी होती. अण्णांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने दिवा दोनदा बंद-चालू केला. आई वळली. अण्णा तिच्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "तुला हवं तेव्हा दुसरीकडे बघ. मी थांबतो."

आईने स्वरूपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तू बोलत असताना?"

"तू परत येईपर्यंत मी पुढचं बोलणार नाही."

आणि ते खरोखरच थांबायला लागले. आईची नजर वर गेली की त्यांचे हात हवेत जिथल्या तिथे राहायचे. ती परत आली की वाक्य पुढे सरकायचं. पहिल्या दिवशी अण्णांनी शिरोळची सगळी हकिकत अशी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. त्याला कितीतरी वेळ लागला. स्वरूपाने मध्येच उठून पावट्याची उसळ फोडणीला टाकली तरी ती संपलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ते तिघं बागवान बाईंकडे गेले. स्वरूपाची शंका ऐकून बाई क्षणभर स्वतःवरच चिडल्या. यंत्रात मोकळ्या नजरेची, म्हणजे समोरच्या माणसाकडे बघत द्यायची चाचणी होती, पण विमा कंपन्या ती धरत नाहीत म्हणून कुणी करत नव्हतं. त्यांनी आईची हनुवटी चौकटीत टेकवली, मधला पडदा बाजूला सरकवला आणि समोर स्टुलावर अण्णांना बसवलं. म्हणाल्या, यांना थोडा वेळ काहीही बोलू दे.

आईला मान हलवता येत नव्हती आणि नजर वळवायची नाही असं ठरलं होतं. अण्णा बोलायला लागले. सुरुवातीला त्यांचे हात लाजरे होते, मग सैल झाले. बागवान बाईंना खुणा कळत नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं, की काय म्हणतायत? स्वरूपा म्हणाली, "भाज्यांचे भाव सांगतायत." अण्णा प्रत्यक्षात सांगत होते, की शिरोळला कुणालाच हात येत नाहीत, तेव्हा मी अंथरुणात पडून आपल्याशीच बोलायचो, दिवसभराचं सगळं तुलाच सांगतोय असं धरून. एकदा भावाच्या नातीने पाहिलं आणि ती हसत सुटली. आईला त्यातलं निम्मंच दिसत असणार, कारण तिच्या डोळ्यांपुढे ते फडकं येऊन बसलं होतं. पण तिचे डोळे भरून आले तेव्हा यंत्राने चाचणी आपोआप थांबवली आणि बाईंना ती पहिल्यापासून करावी लागली.

आकडा आला एकसष्ट.

स्वरूपाचे वरिष्ठ जयवंत शेडगे सरळ माणूस होते. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाले, की तुझं पटतंय मला, पण नियमात वाचनाची चाचणी लिहिलीय. तुझ्या आईसाठी मी नियम वाकवला, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? स्वरूपालाही तेच म्हणायचं होतं. तिला वाकवायचा नव्हता, बदलून हवा होता. तिने आपलं नातं लेखी कळवून या प्रकरणातून अंग काढून घेतलं आणि विनंती केली, की कर्णबधिर ग्राहकांचे जुने दावे दुसऱ्या कुणीतरी काढून बघावेत. ते काढले तेव्हा दिसलं, की जवळजवळ सगळे चाळीसच्या खाली होते. दोन-तीन तर स्वरूपाच्याच सहीने नाकारलेले होते. तिने ती नावं वाचली आणि तिला दुपारी डबा उघडवेना.

या सगळ्याला महिने लागणार हे उघड होतं. स्वरूपाने आईला पुन्हा विचारलं, की मी आत्ता पैसे भरते, नियमाचं पुढे काय व्हायचं ते होऊ दे. तोवर आईला हे सगळं नीट कळलेलं होतं, आणि आता ती भीतीने नाही म्हणत नव्हती.

"माझ्या शाळेतली मुलं आता चाळिशी-पन्नाशीला आलीत," ती म्हणाली. "त्यांच्याही डोळ्यात हे येणार. त्यांच्या सगळ्यांच्या मुली काही विमा कंपनीत नाहीत."

कंपनीच्या वैद्यकीय समितीची बैठक पडद्यावर झाली. आईला बोलावलं होतं. स्वरूपाला दुभाषी व्हायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरची एक दुभाषी बाई आली आणि स्वरूपा शेजारच्या खोलीत बसून फक्त आवाज ऐकत राहिली. आईचं बोलणं दुसऱ्याच कुणाच्या आवाजात ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ.

समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर अदबीने बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की आता खुणांचं अक्षरांत भाषांतर करणारे चष्मे मिळतात. समोरच्याने खुणा केल्या की काचेवर वाक्य उमटतं. वाचनात तर बाईंना अडचण नाही. असा चष्मा कंपनीने दिला, तर लेसरची गरज उरेल का?

मग दुभाषी बाईचा आवाज आला.

"तो चष्मा मी लावून बघितलाय. माझा नवरा काय म्हणाला, ते तो सांगतो. हसत म्हणाला की चिडून म्हणाला, ते चेहऱ्यावर असतं, आणि नेमकं त्या चेहऱ्यावरच माझ्या डोळ्यातलं जाळं येतं. डॉक्टर, तुमच्या घरी तुम्ही आणि बाईसाहेब एकमेकांशी चिठ्ठ्या लिहून बोललात, तर निरोप सगळे पोचतील. तुम्हाला चालेल का?"

डॉक्टर एवढंच म्हणाले, की माझ्याकडून प्रश्न संपले.

नियम बदलला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. वाक्य छोटं होतं: ज्या ग्राहकाची रोजची भाषा खुणांची आहे, त्याची चाचणी त्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून घ्यावी. जुने नाकारलेले दावे पुन्हा उघडायचंही ठरलं. शेडगे स्वतः स्वरूपाच्या टेबलापाशी येऊन सांगून गेले. आपण नाकारलेल्या माणसांना तिने स्वतः कळवलं. त्यातले एक गृहस्थ लातूरचे होते. त्यांनी व्हिडिओवर तिच्या खुणा पाहून आश्चर्याने विचारलं, की तुला आमची भाषा येते, मग तेव्हा का नाही आलीस? ती म्हणाली, तेव्हा मला सुचलं नाही. त्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली.

आईच्या दोन्ही बैठका विनासायास पार पडल्या. दुसरीनंतर डोळ्यांत दोन दिवस धूसरपणा राहील, मग भुगा विरघळेल, असं बागवान बाईंनी सांगितलं होतं. उजव्या डोळ्याच्या कडेला एक लहानसा ठिपका उरला. तो पडद्याला फार जवळ होता म्हणून त्यांनी सोडून दिला. आई म्हणाली, असू दे.

धूसरपणा गेला त्या दिवशी सकाळी जयसिंगपूरहून पद्मजा मावशी डोळे बघायला आली. मावशी ऐकणारी, आणि बोलणारी तर फारच. ती सोफ्यावर बसली, द्राक्षांची पिशवी पुढे केली आणि लांबच्या कुठल्याशा लग्नातला सगळा घोळ तोंडाने आणि मोडक्यातोडक्या खुणांनी सांगायला लागली. आई समोरच्या खुर्चीत बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी स्थिर. अण्णा कोपऱ्यात होते. गेल्या काही महिन्यांत त्यांना एक सवय लागली होती, आणि ती स्वरूपाला त्याच क्षणी कळली. आईला दिसणार नाही असं धरून ते पोटाशी हात ठेवून, अगदी छोट्या खुणांनी, मनातलं बिनदिक्कत बोलायचे.

त्यांनी पोटापाशी दोन बोटं हलवली. "आली. आता तासभर हलत नाही."

आईने मावशीच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. मानसुद्धा वळवली नाही. मांडीवर ठेवलेला तिचा उजवा हात फक्त किंचित उचलला गेला आणि पदराच्या आड दोन बोटं उमटली.

"दोन तास."

अण्णा मोठ्याने, स्वतःला कधीच ऐकू न आलेल्या आवाजात हसायला लागले. मावशी बोलायची थांबली आणि तिने स्वरूपाला विचारलं, की यांना काय झालं? आईचा चेहरा अगदी गंभीर होता. तिने मावशीला पुढे सांगायची खूण केली.

स्वरूपा द्राक्षं धुवायला आत गेली.